लिस्बन : एका शब्दाची अनेक घरे

इंग्रजीतला 'हाऊस' हा शब्द मराठी संसारात इतका रुळला आहे, की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सुट्टीत उतरायचे ते गेस्ट हाऊस, किनाऱ्यावरचे लाइट हाऊस, मुंबई बंदराजवळचे कस्टम हाऊस, गावाबाहेरचे फार्म हाऊस, गुलाबांचे ग्रीन हाऊस आणि नाट्यगृहाच्या दारावर झळकणारी 'हाऊस फुल्ल'ची पाटी! एक 'हाऊस' घ्यावा, त्याच्यापुढे हवा तो शब्द जोडावा, की नवे घर तयार. विटा नकोत, चुना नको, नगरपालिकेचा परवानाही नको.

ही सोय किती खास इंग्रजी आहे, हे पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये पाऊल ठेवले की कळते. शब्दकोश उघडला तर 'हाऊस'ला पोर्तुगीज प्रतिशब्द अगदी सोपा दिलेला असतो : 'काझा'. दोन अक्षरांचा, तोंडात बसणारा. पण या 'काझा'ला मागेपुढे शब्द जोडून कामे उरकता येतील, असे समजून निघालेला पाहुणा पहिल्याच वळणावर अडखळतो. इंग्रजीत एकाच छपराखाली नांदणारी ही सारी 'हाऊसे' लिस्बनमध्ये वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या नावांनी राहतात. प्रत्येकाचा इतिहास निराळा. ती शोधत हिंडले, की शहरच उलगडत जाते.

नदीकाठची तीन 'हाऊसे'

तेजो ऊर्फ टॅगस नदी समुद्राला मिळण्यापूर्वी खाडीसारखी रुंदावते, तिथे उत्तर तीरावरच्या टेकड्यांवर लिस्बन वसले आहे. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरश्या आणि वळणावळणाने घंटा वाजवत जाणाऱ्या जुन्या ट्रॅम. नदीच्या अगदी काठाशी एक भव्य चौक आहे. त्याचे अधिकृत नाव 'व्यापार चौक', पण लिस्बनकर अजून त्याला 'तेरैरु दु पासु', म्हणजे राजवाड्याचे पटांगण म्हणतात. तिथला राजवाडा १ नोव्हेंबर १७५५ च्या प्रलयंकारी भूकंपात आणि त्यापाठोपाठ आलेल्या लाटांत व आगीत नष्ट झाला. राजवाडा गेला, पटांगणाचे नाव राहिले.

या चौकातून पूर्वेकडे जो रस्ता निघतो, त्याचे नाव 'रुआ दा अल्फांदेगा'. 'अल्फांदेगा' म्हणजे कस्टम हाऊस. यात 'काझा' कुठेच नाही! हा शब्द आला अरबी 'फुंदुक'वरून. व्यापाऱ्यांनी उतरावे, माल ठेवावा, अशी सराई म्हणजे फुंदुक. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेस याने लिस्बन जिंकून घेतले. त्याआधी चार शतकांहून अधिक काळ इथे मूर मुसलमानांची सत्ता होती. सत्ता गेली, पण माल मोजणाऱ्यांचे आणि जकात घेणाऱ्यांचे शब्द बाजारात तसेच राहिले.

दुसरे 'हाऊस' म्हणजे वेअर हाऊस. त्याला पोर्तुगीज शब्द 'अर्माझेम'. तोही अरबीच, मूळ 'मख्झन' म्हणजे कोठार. मराठीतला 'खजिना' याच अरबी धातूपासून आलेला, म्हणजे नात्याने अर्माझेमचा भाऊच. इंग्रजीतले 'मॅगझिन'ही त्याच घराण्यातले. आधी दारूगोळ्याचे कोठार, मग लेखांचे कोठार, असा त्याचा प्रवास झाला. वाचकांच्या हातातले हे साप्ताहिकही त्या अर्थाने एक कोठारच म्हणायचे. लिस्बनच्या शियादु या जुन्या बाजारपेठेत 'अर्माझेंश दु शियादु' नावाची मोठी दुकानांची इमारत आहे. ऑगस्ट १९८८ च्या भीषण आगीत ती जळून गेली. आल्व्हारो सिझा या नामांकित वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार हा भाग पुन्हा उभारला गेला आणि १९९९ मध्ये इमारत नव्याने उघडली.

तिसरे लाइट हाऊस. त्याला म्हणतात 'फारोल'. प्राचीन काळी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावर जगप्रसिद्ध दीपस्तंभ होता. त्या बेटाचे नावच पोर्तुगीजांनी साऱ्या दीपस्तंभांना दिले. लिस्बनहून साधारण ४० किलोमीटरवर 'काबु दा रोका' हे युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिमेकडचे अखेरचे टोक आहे. तिथला फारोल १७७२ पासून उभा आहे. खाली सुमारे १४० मीटर खोल कडा आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत पाणीच पाणी.

मिरीची पेढी, टोकदार दगडांचा वाडा

मग 'काझा' आहे तरी कुठे? ती आहे, आणि थेट हिंदुस्थानशी जोडलेली आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांतच लिस्बनच्या राजवाड्याला लागून 'काझा दा इंदिया' उभी राहिली. म्हणजे 'भारतगृह'. पण तिथे भारतीय कोणी राहत नसे. ती होती राजाची पेढी. मलबारची मिरी, श्रीलंकेची दालचिनी, मोलुक्का बेटांची लवंग इथे उतरे, तोलली जाई, विकली जाई. जहाजांची सिद्धता, हिशेब आणि कागदपत्रे सारे इथेच. व्यापारी पेढीला 'घर' म्हणण्याच्या बाबतीत इंग्रजी आणि पोर्तुगीज यांचे चांगले जमते. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालयही 'ईस्ट इंडिया हाऊस'च होते. १७५५ च्या भूकंपात काझा दा इंदिया राजवाड्याबरोबर नष्ट झाली आणि तिच्या दप्तराचा फार मोठा भाग कायमचा गेला.

तिथून थोडे पुढे चालत गेले, की 'काझा दुश बिकुश' दिसते. शब्दशः 'टोकांचे घर'. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड ओळीने बसवलेले आहेत. १५२३ मध्ये हे घर बांधले ब्राश द अल्बुकर्क याने. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचा हा मुलगा. भूकंपात वरचे मजले कोसळले, ते विसाव्या शतकात पुन्हा चढवले गेले. २०१२ पासून इथे नोबेल पारितोषिक विजेते कादंबरीकार जुझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे. घरासमोर एक ऑलिव्हचे झाड आहे. सारामागोंच्या जन्मगावाहून आणलेल्या या झाडाखाली त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. एका भूमिहीन शेतमजुराच्या मुलाचे नाव आज गोव्याच्या जेत्याच्या मुलाच्या वाड्यावर आहे!

आणखी एक काझा पोर्तुगालमध्ये लहान मुलालाही ठाऊक असते, ती 'सांता काझा', म्हणजे पवित्र घर. राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ मध्येच लिस्बनला 'सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया' ही दयाधर्माची संस्था स्थापन झाली. निराधार, आजारी, टाकून दिलेली मुले यांचा सांभाळ हे तिचे काम. इंग्रजीत गरिबांसाठी 'पुअर हाऊस' होते, ते नाव ऐकूनच माणसाच्या अंगावर काटा यावा. पोर्तुगीजांनी त्याच कामाला 'पवित्र' हे विशेषण दिले. गंमत अशी, की देशातली लॉटरीही हीच संस्था चालवते, १७८३ पासून! तिकीट फाडताना गिऱ्हाईक नशीब आजमावतो आणि पैसा काही अंशी अनाथांच्या दुधाला जातो.

न्हाणीघरापासून चहाघरापर्यंत

प्रवाशाला सर्वांत आधी लागणारी काझा मात्र वेगळीच : 'काझा द बान्यु', म्हणजे न्हाणीघर. ब्राझीलमध्येही भाषा पोर्तुगीजच, पण तिथे याच खोलीला 'बान्येरु' म्हणतात. लिस्बनच्या जुन्या माणसांच्या लेखी बान्येरु म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर स्नान करणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस! आता ब्राझीलच्या दूरदर्शन मालिकांनी दोन्ही देशांना एकमेकांचे शब्द शिकवले आहेत, त्यामुळे घाईच्या वेळी कोणाची पंचाईत होत नाही.

टी हाऊसचे भाषांतर 'काझा द शा'. हा 'शा' मराठी कानाला लगेच ओळखीचा वाटतो. पश्चिम युरोपातल्या बहुतेक भाषांनी 'टी'च्या जातीचा शब्द डच व्यापाऱ्यांकडून घेतला. पोर्तुगीजांनी मात्र १५५७ च्या सुमारास मकाव येथे वस्ती केली आणि तिथल्या चिनी बोलीतला 'चा' उचलला. म्हणून चहाच्या बाबतीत लंडनपेक्षा लिस्बन पुण्याला जवळचे! कॉफी हाऊसला मात्र काझा लागत नाही. पेय 'कॅफे' आणि जागाही 'कॅफे'. व्यापार चौकाच्या कमानीखालचे 'मार्तिन्यु दा आर्कादा' १७८२ पासूनचे, तर शियादुतले 'आ ब्राझिलेरा' १९०५ चे. दोन्हींत कवी फर्नांदो पेसोआ यांची ऊठबस असे. 'आ ब्राझिलेरा'च्या दारात त्यांचा ब्राँझचा पुतळा खुर्ची टाकून बसला आहे. शेजारची ब्राँझची खुर्ची रिकामी असते, तिच्यावर पर्यटक फोटो काढून घेतात.

ग्रीन हाऊसची गंमत तर औरच. त्याचा पोर्तुगीज शब्द 'इश्तुफा'. त्यात ना हिरवा रंग, ना घर. मूळ अर्थ उबेचा. झाडांना ऊब देणारी ती इश्तुफा. पण लिस्बनच्या एका मोठ्या बागेत १९३३ पासून 'इश्तुफा फ्रिया' आहे, म्हणजे 'थंड ऊबघर'! जुन्या दगडखाणीच्या जागी लाकडी पट्ट्यांचे छप्पर घालून ही बाग फुलवली आहे. काच नाही, भट्टी नाही. पट्ट्यांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि नेचे, केळी, कमळे सुखाने वाढतात. भर उन्हाळ्यात आत शिरलेल्याला कोकणातल्या वाडीत आल्यासारखे वाटावे.

जिथे इंग्रजी थांबते

एवढे पाहिल्यावर वाटेल, 'काझा' हा बापडा 'हाऊस'पुढे तोकडाच. पण जिथे इंग्रजी 'हाऊस' जाऊ शकत नाही, तिथे 'काझा' आरामात जाऊन बसते. आणि पाहावे तर शेजारी मराठी 'घर' आधीच पाट मांडून बसलेले!

बुद्धिबळाच्या पटावर इंग्रजीत 'स्क्वेअर' असतो, पोर्तुगीजमध्ये 'काझा' आणि मराठीत 'घर'. एखादा गृहस्थ चाळिशीच्या घरात आहे, असे मराठीत म्हणतात. लिस्बनचा माणूस हुबेहूब तेच म्हणतो, 'ना काझा दुश क्वारेंता'. दोन्हीकडे चाळिशी हे घरच. त्यात शिरलेला माणूस लवकर बाहेर पडत नाही, हेही दोन्हीकडे सारखेच!

सर्वांत सुंदर नाते लग्नाचे. पोर्तुगीजमध्ये 'काझार' म्हणजे लग्न करणे, 'काझामेंतु' म्हणजे लग्न आणि 'काझाल' म्हणजे जोडपे. सगळ्यांच्या पोटात 'काझा'. लग्न म्हणजे घर करणे, हा अर्थ शब्दातच विणलेला. त्यांची एक म्हण आहे : 'केम काझा, केर काझा'. पहिले 'काझा' क्रियापद, दुसरे नाम. ज्याने लग्न केले, त्याला घर हवे. थोडक्यात, लग्न झालेल्यांनी थोरल्यांच्या घरात गर्दी करू नये, आपली चूल वेगळी मांडावी. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

'काझा'चे मूळही विचार करायला लावणारे आहे. लॅटिनमध्ये श्रीमंताच्या प्रशस्त घराला 'दोमुस' म्हणत आणि 'कासा' म्हणजे नुसती झोपडी. रोमचे साम्राज्य लयाला गेले. लोकांच्या तोंडी प्रासादाचा शब्द टिकला नाही, झोपडीचा टिकला. राजवाड्याशेजारच्या पेढीपासून न्हाणीघरापर्यंत सगळ्यांना नाव पुरवले ते या झोपडीने.

राहायला घर हवे

पण म्हणीत मागितलेले घर प्रत्येकाला मिळालेच, असे नाही. १९६० नंतरच्या दशकात गरिबीला आणि आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये चाललेल्या युद्धाच्या सक्तीच्या भरतीला कंटाळून लाखो पोर्तुगीज फ्रान्सला गेले. अनेक जण चोरवाटेने, डोंगर ओलांडून. पॅरिसजवळच्या शांपिन्यी येथे पत्र्या-फळ्यांच्या झोपड्यांत त्यांची मोठी वस्ती होती. पुरुष बांधकामावर राबत, बायका इतरांच्या इमारती झाडत, त्यांची दारे राखत. दुसऱ्यांची घरे बांधून जमवलेल्या पैशातून त्यांनी आपापल्या गावी घरे बांधली. उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांत ही घरे आजही 'परदेशी गेलेल्यांची घरे' म्हणून ओळखली जातात. अकरा महिने बंद आणि ऑगस्टमध्ये माणसांनी भरलेली.

लिस्बनमध्येही खेड्यांतून माणसे येत राहिली. त्यांनी आपापल्या प्रांताच्या नावाने 'काझा' काढल्या. दिल्लीत किंवा बंगळूरला जशी महाराष्ट्र मंडळे, तशा. 'काझा दु अलेंतेझु' ही त्यांतली प्रसिद्ध. बाहेरून साधी, पण आत मूरिश धर्तीचा कमानींचा चौक आणि वर प्रांताचे खास जेवण देणारी खाणावळ. गोवेकरांचीही 'काझा द गोआ' लिस्बनमध्ये आहे.

अशीच एक काझा सरकारला चांगलीच महागात पडली. वसाहतींतून शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये साम्राज्याविषयी प्रेम वाढावे, म्हणून १९४४ मध्ये सालाझार राजवटीच्या आशीर्वादाने 'साम्राज्याच्या विद्यार्थ्यांची काझा' उघडली गेली. मुले जमली, बोलू लागली, एकमेकांची दुःखे त्यांना कळली. गिनी-बिसाव आणि केप व्हर्दच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल आणि अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आगोस्तिन्यो नेतो हे याच घरात वावरलेले. १९६५ मध्ये राजकीय पोलिसांनी त्या घराला टाळे लावले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

१९७४ च्या एप्रिलमध्ये हुकूमशाही कोसळली, तेव्हा लिस्बनभोवती झोपडपट्ट्यांचा वेढा होता. १९७६ च्या राज्यघटनेच्या ६५ व्या कलमाने प्रत्येक कुटुंबाला योग्य निवाऱ्याचा हक्क दिला. झोपड्या हटवून पक्की घरे देण्याची मोठी योजना १९९३ मध्ये आली. पण दरम्यान शहराच्या पोटात वेगळेच घडत होते. लिस्बनमधली घरभाडी १९४८ पासून अनेक दशके गोठलेली होती. भाडेकरू निश्चिंत होता, पण मालक डागडुजी करीना, आणि घरे ढासळत गेली. २०१२ च्या कायद्याने भाडी मोकळी झाली, त्याच सुमारास पर्यटकांची लाट आली. जुन्या मोहल्ल्यांतली घरे रंगवली गेली, पण त्यांत आठवड्याच्या बोलीने उतरणारे पाहुणे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी म्हातारी माणसे बाहेर पडली. गेस्ट हाऊस वाढले आणि हाऊस कमी झाले, असेच म्हणायचे!

१ एप्रिल २०२३ रोजी लिस्बन आणि इतर शहरांतून हजारो लोक मोर्चाने रस्त्यावर आले. त्यांची घोषणा तीन शब्दांची होती : 'काझा पारा विव्हेर'. 'विव्हेर' म्हणजे राहणे आणि 'विव्हेर' म्हणजे जगणेही. मराठीत सांगताना दोहोंपैकी एक निवडावे लागते. मोर्चातल्या माणसाला दोन्ही हवे होते.

कुलूप, चावी आणि काज

या साऱ्या शब्दांचा प्रवास लिस्बनमध्ये संपत नाही. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होती. वसई, चौल, मुंबई येथेही ती दीर्घकाळ नांदली. त्या संबंधांतून मराठी घरात किती वस्तू आल्या! पाण्याची बादली आली, बटाटा आला, पाव आला. घराचे दार उघडणारी 'चावी'ही पोर्तुगीज 'शाव्ह'चेच जुने रूप. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात गेलेल्या अनेक गोवेकरांची गावाकडची घरे आज बंद आहेत. ओसरीवर पाला साचतो, शेजारी अधूनमधून दार उघडून वारा खेळवतो. त्या घरांना कुलूप लागते ते मराठी-कोकणी आणि ते उघडते ती चावी मात्र लिस्बनच्या शब्दाची.

आणि 'काझा'? तीही आली. लिस्बनमध्ये हा शब्द बोलताना शेवटचा स्वर जवळजवळ गिळून टाकतात, त्यामुळे तो ऐकू येतो 'काझ' असा. बटण ज्यात अडकते, त्या सदऱ्यावरच्या भोकाला पोर्तुगीज शिंपी बटणाचे घर मानतात आणि 'काझा'च म्हणतात. इंग्रजीत ते नुसते 'होल'! हेच घर पोर्तुगीजांच्या कापडचोपडाबरोबर या किनाऱ्यावर उतरले आणि मराठी शिंप्याच्या दुकानात 'काज' झाले. काज-बटण करायला कपडे टाकणाऱ्या कोणाच्या मनातही येत नाही, की आपण प्रत्येक बटणासाठी एकेक पोर्तुगीज घर बांधून घेत आहोत.

तेव्हा लिस्बनला निघालेल्या मराठी प्रवाशाने 'हाऊस'ची काळजी करू नये. अल्फांदेगा, अर्माझेम, फारोल हे शब्द रस्त्यावरच्या पाट्या शिकवतील. 'काझा' मात्र त्याला शिकावी लागणार नाही. पाच-सहा काझा सदऱ्यावर घेऊनच तो विमानातून उतरणार आहे.